उईके मॅडमच्या बाबांसाठी गल्ली

गोंदियात मला माझ्या नावाने फार थोडे लोक ओळखतात. 'मकानवाली चाची' म्हटलं की मात्र रेल्वे स्टेशनवरचा ऑटोवालाही पाहुण्याला नेमका माझ्या दारात आणून सोडतो. माझं नाव सुनंदा. भाड्याची घरं शोधून देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता गुडघे कुरकुरतात म्हणून स्कूटर सुनेला दिली आणि धंदा बंद केला, तरी कुणीतरी फाटकाशी उभं राहून विचारतंच, "चाची, कोई अच्छा मकान है क्या?"

सुरुवात यजमानांच्या झेरॉक्सच्या दुकानातून झाली. फुलचूरकडे शेतं होती तिथे विद्यापीठाचं आवार उभं राहिलं आणि नवे प्राध्यापक, कारकून, शिपाई कागदांच्या नकला काढायला दुकानात येऊ लागले. नकला होईपर्यंत घराची चौकशी करायचे. यजमान माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मी त्यांना घेऊन निघायची. बघता बघता दुकान मागे पडलं, माझं फिरणं वाढलं.

येणाऱ्या प्रत्येकाची मागणी एकच असायची. विद्यापीठाजवळ हवं, पण एरिया फॅमिलीसाठी चांगला हवा. ऐकायला सोपं वाटतं. पण विद्यापीठाच्या फाटकाजवळ काय असतं? पोरांच्या खोल्या, मेस, चहाटपऱ्या आणि रात्रंदिवस फटफट्या. तिथून दूर जावं तर रिकामे प्लॉट, कमरेएवढं गवत आणि पावसाळ्यात न्हाणीत साप. या दोन्हींच्या मधे एक पट्टा सापडतो, दोन-चार गल्ल्यांचा. तो शोधणं म्हणजे माझं काम.

घर मी कुलूप उघडून दाखवायची, पण गल्ली आधी एकटी जाऊन बघून यायची. दुपारी चारच्या सुमाराला. त्या वेळेला शाळा सुटलेली असते, बायका ओट्यावर तांदूळ निवडत बसतात, पोरांच्या सायकली रस्त्यात आडव्या पडलेल्या असतात. मी स्कूटर लावून उगीच उभी राहायची. कुणी विचारलं, "कोन पाह्यजे व बाई?" तर ती गल्ली चांगली. बराच वेळ उभी राहूनही कुणी ढुंकून पाहिलं नाही, तर घर कितीही देखणं असो, मी लेकराबाळांच्या माणसाला ते दाखवायची नाही.

गिऱ्हाइकं एकाहून एक भेटली. एक सर होकायंत्र घेऊन यायचे. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, संडास कुठल्या दिशेला, सगळं मोजायचे. त्यांनी दिशा जुळवून घर घेतलं आणि राहायला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागच्या भिंतीला पिठाची गिरणी आहे. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला शांतता पाहिजे होती. मी त्यांना गल्लीच्या टोकाचं घर दिलं. महिनाभरात ती बाई रडकुंडीला आली. "काकू, इथे संध्याकाळी कुणी भांडतसुद्धा नाही हो!" त्यांना शाळेशेजारी हलवलं तेव्हा कुठे त्यांची झोप परतली.

हे सांगून मी लोकांना हसवते खरी, पण या धंद्यातली वर्षं मी फार काळजीत काढली आहेत. लोक माझ्या शब्दावर आपलं बिऱ्हाड हलवतात, लेकरांची शाळा ठरवतात. घर दिल्यावर कित्येक रात्री मला वाटायचं, गल्ली ओळखण्यात आपलं चुकलं तर? आणि सगळ्यात जास्त काळजी मी केली ती उईके मॅडमच्या घराची.

वैशाली उईके विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायला आली होती. पहाडातल्या दरेकसाजवळच्या गावची. त्या गावातून डॉक्टरेट करणारी पहिलीच. जून महिना होता, शाळा उघडायला आल्या होत्या. ती स्टेशनजवळच्या लॉजवर उतरली होती, सोबत चौथीतली मुलगी तन्वी आणि म्हातारे वडील. बाबांनी सगळं आयुष्य जंगलात काम केलं, बांबू तोडला, तेंदूपत्ता वाहिला. अंगात बंडी, कमरेला धोतर, चालणं अजून काटक. पण दोन वर्षांपासून त्यांच्या ध्यानात काही राहत नव्हतं. जेवले ते विसरायचे, मुलीला कधी कधी बायकोच्या नावाने हाक मारायचे. गावात मागे कुणी नव्हतं, म्हणून तिने त्यांना बरोबर आणलं होतं.

पहिलं घर आवडलं. मालक गोड बोलले, आडनाव विचारलं, मिस्टर काय करतात विचारलं. वैशालीने सांगितलं, घटस्फोट झाला आहे. मालक म्हणाले, "कल बताता हूँ." दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा राहायला येणार असल्याचं कळलं. दुसऱ्या घराच्या मालकाचाही भाचा निघाला. त्या जूनमध्ये गोंदियात किती भाचे येणार होते, देव जाणे. आदिवासी आडनाव नडलं, की नवरा नसणं नडलं, की म्हातारा नडला, हे कुणी तोंडाने सांगत नाही.

तिसऱ्या घराच्या वाटेवर मी तिला म्हटलं, "सांगून टाक ना, नवरा नागपूरला नोकरीवर असतो. सगळ्या सांगतात."

तिने मागे पाहिलं. तन्वी आजोबांचा हात धरून चालत होती. "ती ऐकून राहते काकू. तिच्यासमोर कसं सांगू?"

तिसऱ्या मालकालाही तिने खरंच सांगितलं आणि तेही घर गेलं.

शेवटी तिने विद्यापीठाच्या फाटकासमोर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, कारण रुजू व्हायची तारीख आली होती. मला तो मुळीच पसंत नव्हता. खाली मेस, समोर पोरांच्या खोल्या. मी तसं बोलून दाखवलं, पण बोलून दुसरं घर उभं राहत नाही.

पंधरवडा गेला असेल. वैशाली माझ्याकडे आली आणि दारातच बसली. आत ये म्हटलं तरी येईना.

"काकू, मी बाबांना बाहेरून कडी लावून जाते," ती म्हणाली. "जिना उतरून रस्त्यावर गेले तर ट्रकखाली येतील, म्हणून. ते गॅलरीत उभे राहून खाली येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. मेसची पोरं आधी हसायची, आता तीही वर बघत नाहीत. वर्गात शिकवताना मला त्या कडीचा आवाज ऐकू येतो."

मी त्याच दिवसापासून पुन्हा फिरायला लागली. तळमजला हवा, शाळा जवळ हवी, विद्यापीठ पायी जाण्याइतकं हवं आणि गल्लीत दुपारी माणसं हवीत. शोधता शोधता मी शकुंतला पटले यांच्या दारात पोहोचली.

पटलेवहिनी मूळच्या दवनीवाड्याच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या. नवरा वारला, दोन्ही मुलगे परगावी. फुलचूरच्या या घरात पुढच्या बाजूला त्या एकट्या राहायच्या आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. जीभ इतकी तिखट की त्यांच्याकडे भाडेकरू टिकत नसत. पण त्या गल्लीत मी उभी राहिली की एका मिनिटात तीन बायका चौकशीला यायच्या. मी मनाचा हिय्या करून वैशालीला, तन्वीला आणि बाबांना तिथे घेऊन गेली.

वहिनींनी बसा म्हटलं नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "नवरा कोठं हाय?"

"सोडचिठ्ठी झाली," वैशाली म्हणाली.

"अन् हा म्हातारा?"

"माझे बाबा. ते विसरतात. बाहेर गेले तर घर सापडत नाही."

मी डोळे मिटले. हे आता सांगायची काय गरज होती?

"तू दिवसभर कॉलेजात," वहिनी म्हणाल्या, "पोरगी शाळेत. मंग याच्याकडे कोन पाहील? मी?"

"तुम्ही कायले पाहाल? कोणीच नाही पाहायला," वैशाली म्हणाली. "म्हणूनच तर असं घर शोधून राहिली, जिथे दाराला बाहेरून कडी लावावी नाही लागणार."

वहिनींनी बाबांकडे पाहिलं. बाबा अंगणातल्या पेरूकडे बघत होते, या बोलण्याशी त्यांचा काही संबंध नसल्यासारखे.

"एक महिना राहून पाहा," वहिनी शेवटी म्हणाल्या. "नाई जमलं तं खाली करा. मंग रडाचं नाई."

सामान आलं. वहिनींनी बजावलं, "मले सांगितलं ते ठीक, पण लोकाईले सांगत बसू नका." वैशालीलाही ते हवंच होतं. बाबांना कुणी वेडा म्हटलेलं तिला चालणार नव्हतं. त्यामुळे गल्लीला एवढंच माहीत झालं की मॅडमचे वडील आले आहेत, अबोल आहेत, सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरतात. महिना गेला, दुसराही गेला. वहिनी रोज काहीतरी बोलायच्या, पण खाली करा म्हणाल्या नाहीत. मी त्या बाजूला गेली की स्कूटर हळू करून बघून यायची. बाबा अंगणात दिसले की जीव भांड्यात पडायचा.

दसरा झाला आणि धान पिवळं पडायला लागलं. एका दुपारी वहिनींचा फोन आला.

"सुनंदा, तुझा म्हातारा दिसून नाई राहिला."

मी कशी पोहोचली ते आठवत नाही. फाटक उघडं होतं. तन्वी पायरीवर बसली होती. पाठीवरचं दप्तर तिने उतरवलंही नव्हतं. वैशालीची परीक्षेची ड्युटी होती, फोन बाहेर जमा केलेला, त्यामुळे लागत नव्हता.

"आईला सांगू नका," तन्वी म्हणाली. "मी शाळेतून थेट आली नाही. मैत्रिणीसोबत थांबली होती."

"तुझ्यामुळे नाही गं झालं," मी म्हटलं. तिला तिथेच थांबायला सांगून मी निघाली.

कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, तिथल्या बाईला विचारलं. ती सहज म्हणाली, "हो, गेले ना इकडून. मी रामराम केला. वाटलं, फिराले चालले."

पुढच्या घरच्या सुनेनेही त्यांना पाहिलं होतं. सायकल दुरुस्त करणाऱ्याने तर बसायला सांगितलं होतं, ते थांबले नाहीत. सगळ्या गल्लीने त्यांना जाताना पाहिलं होतं. अडवलं कुणीच नाही, कारण अडवायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

गल्ली संपते तिथून तीन वाटा फुटतात. एक ट्रकांच्या रस्त्याला लागते, एक तलावाकडे जाते, एक धानाच्या बांधांवरून रेल्वेलाइनकडे. मी तिथे उभी राहिली आणि माझं डोकं चालेना. कुठल्या वाटेला आधी जावं? ज्या वाटेला जाणार नाही, त्याच वाटेला ते असले तर? सायकलवाला ट्रकांच्या रस्त्याकडे धावला. किराणावालीने नवऱ्याला तलावाकडे पिटाळलं. मी स्कूटर वळवली तोच मागून वहिनींचा आवाज आला.

"थांब. मी बी येऊन राहिली."

वहिनी घरापासून देवळापलीकडे कधी जात नसत. पदर कमरेला खोचून त्या माझ्या मागे बसल्या. वाटेत जो दिसेल त्याला त्या ओरडून विचारत होत्या, "बंडीवाला म्हातारा पाह्यला का? त्याच्या ध्यानात राहत नाई जी! दिसला तं धरून ठेवा!" जे लपवायचं म्हणून आम्ही एवढे दिवस जपलं होतं, ते त्या प्रत्येक बांधावर मोठ्याने सांगत सुटल्या.

लाइनजवळ मालगाडी आली. लांबलचक होती, संपता संपेना. त्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं आणि डब्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं. वहिनींनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर दोन दिवस दुखत होता. गाडी गेली. रुळांवर काही नव्हतं. तोच वहिनींनी हात लांब केला. "ते पाह्य, तिकडं!"

पलीकडच्या बांधावर बाबा बसले होते. चपला हातात, पाय चिखलाने भरलेले. आम्ही धावत गेलो. मी रागावणार होती, पण वहिनी पुढे झाल्या आणि त्यांच्याशेजारी बांधावरच बसल्या.

"कोठं चालले बाबा?"

"घरी."

"घर कोठं हाय?"

"पहाडाजोळ," बाबा म्हणाले. मग समोरच्या सपाट धानाकडे बघत राहिले. "लय चाललो बाई. पहाड काही येतच नाई."

गोंदियाच्या या बाजूला कुठला पहाड? ते दरेकसाच्या उलट दिशेला चालत होते.

वहिनींनी पदराने त्यांचे पाय पुसले. म्हणाल्या, "येईल पहाड. पहिले चा पिऊ."

बाबा मुकाट्याने उठले.

वैशाली संध्याकाळी आली. तोवर बाबा आंघोळ करून अंगणात बसले होते, पण गल्लीच्या तोंडाशीच तिला सगळं कळलं होतं. ती बाबांसमोर गेली नाही. आत जाऊन ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागली. नोकरी सोडते, म्हणाली. गावात त्यांना रस्ते पाठ आहेत, तिथे ते हरवत तरी नाहीत. एवढं शिकून बाबांना रुळावर आणून सोडलं, म्हणाली. तन्वी दारात उभी राहून आईकडे आणि ट्रंकेकडे बघत होती.

मला वहिनींची भीती वाटत होती. महिन्याची बोली केव्हाच संपलेली. आज त्या बोलणार आणि हे घर सुटणार, हे मी धरूनच चालली होती.

वहिनी आल्या आणि ट्रंकेचं झाकण त्यांनी पाडलं.

"माह्यंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मीच म्हणलं होतं, कोणाले सांगू नका. आजूबाजूले एवढी माणसं, अन् आपण त्याईले आंधळं करून ठेवलं. उद्यापासून दुपारी म्हातारा माह्या ओसरीत बसल. पण मी बी म्हातारी, माह्या डोळा लागते. गल्लीले सांगा लागते."

"लोक वेडा म्हणतील त्यांना," वैशाली म्हणाली.

"म्हणतीन. एक-दोघं म्हणतीनच. म्हणू दे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही तिघी घरोघर गेलो. किराणा दुकानात वैशालीला पहिल्यांदा ते वाक्य बोलायचं होतं आणि ते तिच्या तोंडून निघेना. रोज शंभर पोरांसमोर बोलणारी बाई, काउंटरवरच्या बरण्यांकडे बघत उभी. मी बोलणार होती, पण वहिनींनी मला कोपर मारलं.

"माझे बाबा विसरतात," वैशाली शेवटी म्हणाली. "एकटे दिसले, तर... तर त्यांना परत पाठवाल का?"

किराणावाली म्हणाली, "पाठवन म्हणजे? आणून सोडन." आणि मग तिने आपल्या सासऱ्याची गोष्ट सुरू केली, ती संपेपर्यंत अर्धा तास गेला. सगळीकडे असं झालं नाही. एका घरातल्या माणसाने सुनावलं, "ध्यान नहीं रख सकते तो यहाँ लाए क्यों?" वैशाली त्या दारातून निघाली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. वहिनी तिथेच मागे थांबून त्या माणसाला काय बोलल्या, ते मी लिहू शकत नाही.

ट्रंक पुन्हा रिकामी झाली. पण माझी काळजी काही गेली नाही. लोक एका रविवारी हो म्हणतात, पुढच्या रविवारी आपापल्या संसारात बुडतात. कामाला जातात, झोपतात, टीव्ही बघतात. दुसऱ्याच्या म्हाताऱ्याकडे किती दिवस लक्ष ठेवतील? मी पैज मारली असती, दिवाळीपर्यंत.

थंडी सरत आली होती. त्याच गल्लीत एक घर रिकामं होणार म्हणून मी बघायला गेली. वैशाली फाटकाला धरून उभी होती, हातात दुधाची पिशवी, चेहरा असा की मी स्कूटर तशीच सोडून धावली.

"काय झालं?"

"बाबा गेले होते काकू. पुन्हा."

"केव्हा? सापडले का?"

"दुपारी. वहिनींचा डोळा लागला होता. सायकलवाल्याने पाहिलं, तर त्याने हाका मारून किराणावालीला सांगितलं. तिने दुकानात बसवून मुरमुरे दिले. मग 'यहाँ लाए क्यों' म्हणणारा तो माणूस त्यांना हात धरून घरी सोडून गेला. वहिनी उठल्या तेव्हा बाबा ओसरीतच होते. वहिनींनाही माहीत नाही."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आत्ता दूध आणायला गेली, तर किराणावालीने सुटे पैसे देता देता सांगितलं. सांगायचं राहूनच गेलं म्हणाली."

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला. आतून तन्वी मोठ्याने धडा वाचत होती आणि बाबा तिला काहीतरी विचारत होते.

"मी तिकडे वर्गात शिकवत होती काकू," वैशाली म्हणाली. "मला कुणी फोनसुद्धा केला नाही."